बार्टर करायची वेळच येऊ नये म्हणून

संकटाची तयारी असं नेटवर टाकून जरा शोधाशोध केली की ठरलेला माल समोर येतो. सगळी व्यवस्था कोसळली की नोटा म्हणजे रद्दी, म्हणून आत्ताच दारूच्या छोट्या बाटल्या, सिगारेटची पाकिटं, लायटर, चांदीची नाणी भरून ठेवा, मग काय, तुम्हीच राजे. असले व्हिडिओ मी भरपूर बघितलेत, झोप येत नसली की अजूनही बघतो, आणि तो माणूस टॉर्च घेऊन आपलं तळघर दाखवत फिरायला लागला की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो, की बाबा रे, हे सगळं तू देणार कुणाला आणि त्या बदल्यात घेणार काय? ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे त्याला तुझ्या लायटरवाचून फारसं काही अडणार नाही, आणि ज्याचं लायटरवाचून अडलंय त्याच्याकडे बहुतेक काहीच उरलेलं नसणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला पटणार नाही त्याचा वेळ तरी वाचेल. पुढे अदलाबदलीचा धंदा थाटता यावा म्हणून तयारी करायचीच नाही. पहिले काही आठवडे आपल्याला कशाच्याही बदल्यात काहीही द्यायला लागू नये, एवढ्यासाठी करायची. अडलेल्या माणसाला बार्टरमध्ये, म्हणजे वस्तूला वस्तू देण्यात, भाव मिळत नाही, हे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा झालंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या रशियातल्या लेनिनग्राड शहराचंच घ्या. सप्टेंबर १९४१ मध्ये शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला आणि २० नोव्हेंबरपासून रेशन इतकं खाली आलं की कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि बाकीच्यांना, म्हणजे ऑफिसात काम करणारे, घरात बसलेले, लहान मुलं, सगळ्यांना १२५ ग्रॅम. तोही धड पिठाचा नाही, त्यात सेल्युलोजपासून काय काय मिसळलेलं. अशा वेळी लोक फर कोट, घड्याळं घेऊन बाजारात उभे राहिले, काहींनी पियानोसुद्धा काढले, आणि हातात काय पडलं तर पाव. पियानो तोच होता, वाजतही तसाच होता, पण विकणाऱ्याला उद्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं आणि पाववाल्याला होतं, संपला विषय.

युद्ध संपल्यावर जर्मनीत हेच झालं, फक्त जरा कमी भयंकर. १९४५ ते १९४८ या काळात शहरातली माणसं खच्चून भरलेल्या गाड्यांना लटकून खेड्यांत जायची, जाताना सोबत चांदीचे चमचे, चादरी, कॅमेरे आणि येताना पिशवीत बटाटे. शेतकऱ्यांच्या गोठ्यातसुद्धा आता गालिचे अंथरलेत असा विनोद तेव्हा चालायचा. मग २० जून १९४८ ला नवीन मार्क हे चलन आलं, माणशी ४० मार्क हातात ठेवले, आणि बघता बघता दुकानांच्या काचांमागे माल दिसायला लागला. म्हणजे निदान काही माल आधीपासून होताच की! जुन्या नोटांवर तो सोडायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. ज्यांनी गालिचा देऊन बटाटे आणले त्यांचा गालिचा मात्र गेला तो गेलाच. म्हणून मी म्हणतो की घरातलं काही विकायला काढण्याची वेळ जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला, कारण असा काळ आज ना उद्या संपतो आणि जो उशिरा बाजारात उतरतो त्याचं कमी जातं.

आता तरीही बार्टर करावंच लागलं तर कशाने होतं, हे बघू. सगळ्यात मजेदार माहिती मिळते ती युद्धकैद्यांच्या छावण्यांतून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने सुटून आल्यावर १९४५ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला होता, माणूस अर्थशास्त्राचा, त्यामुळे उपाशी असतानाही त्याचं लक्ष भावांकडे. रेडक्रॉसची पार्सलं यायची, सगळ्यांना साधारण सारखीच, दुधाचा डबा, जॅम, बटर, बिस्किटं, चॉकलेट, सिगारेट. तरीही वाटप झाल्या झाल्या व्यापार सुरू, कारण कुणी सिगारेट ओढत नाही, कुणाला जॅम आवडत नाही. सुरुवातीला वस्तूला वस्तू, मग थोड्याच दिवसांत सगळे भाव सिगारेटमध्ये बोलायला लागले. एक पाद्री होते म्हणे, ते चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीभर फिरले आणि परत आले तेव्हा चीज आणि सिगारेटी शाबूत, वर एक अख्खं पार्सल. दुसरा एक जण होता ज्याला उर्दू यायची, तो शीख सैनिकांकडून मांसाचे डबे घ्यायचा आणि त्यांना बटर-जॅम द्यायचा, बाकीच्या गोऱ्यांना तिकडचे भाव कळतच नव्हते त्यामुळे मधला फायदा ह्याचा. मग हळूहळू इतरांना पत्ता लागला, त्यांनीही तेच सुरू केलं आणि दोन्हीकडचे भाव सारखे होत गेले.

यातलं मला सर्वात आवडलेलं म्हणजे सिगारेटीची दुहेरी भानगड. चांगली सिगारेट लोक ओढायला ठेवायचे आणि व्यवहाराला हाताने वळलेली, बारीक, निकस सिगारेट पुढे करायचे. आणि पार्सलं यायची थांबली की सिगारेटी धूर होऊन संपत जायच्या, म्हणजे चलनच ओढून टाकलं, मग वस्तूंचे सिगारेटमधले भाव खाली. नवीन पार्सलं आली की भाव परत वर. पैशावर आयुष्य काढलेल्या माणसांनासुद्धा पैसा कसा चालतो हे इतकं स्वच्छ बघायला मिळत नसेल.

बोस्नियातल्या सारायेवो शहरातही तेच चलन. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत वेढा, आणि शहरातला सिगारेटचा कारखाना त्या काळातही चालू राहिला, पाकिटांना कागद नाही म्हणून मिळेल त्या छापील कागदात सिगारेटी गुंडाळल्या, आणि लोकांना पगाराच्या जागी सिगारेटी मिळायच्या. झिंबाब्वेत १०० ट्रिलियनची नोट निघाली, म्हणजे एकावर चौदा शून्यं, त्या महागाईच्या काळात पेट्रोल-डिझेलची कूपनं पैशासारखी हिंडत होती. बघा, या सगळ्यात समान काय आहे? वस्तू छोटी आहे, मोजता येते, तुकडे पडतात, खिशात मावते, टिकते आणि ती वापरणारा कुणीतरी नक्की असतो. खोटी की खरी हे बघायला तज्ज्ञ लागत नाही.

सोन्याची नाणी या कसोटीवर पहिल्याच आठवड्यात नापास होतात. साबणाच्या वडीला सोन्याचं नाणं दिलं तर सुट्टे कोण देणार? आणि समोरच्याने ते खरं आहे हे कशावरून मानायचं? व्हेनेझुएलाच्या खाणपट्ट्यात लोक सोन्याच्या कणांनी व्यवहार करतात हे खरं आहे, पण तिथे सोनं रोजच्या हाताळणीतलं आहे आणि तोलायला काटे आहेत. आपल्याकडे काटा असला तरी समोरच्याचा त्या काट्यावर विश्वास बसायला हवा ना. सोनं ठेवू नका असं नाही, देश सोडायचा झाला किंवा सगळं थोडं स्थिरावलं की ते कामाचं आहे, फक्त पहिल्या महिन्यात त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

उलट प्रकारही असतो, वस्तूंचा ढीग मिळाला आणि त्याचं करायचं काय हे कळेना. जेव्हन्स नावाच्या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८७५ मध्ये एका फ्रेंच गायिकेचा किस्सा सांगितलाय. ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर गायला गेली, ठरल्याप्रमाणे तिकीटविक्रीतला तिसरा हिस्सा तिला मिळाला, तो काय तर तीन डुकरं, तेवीस टर्की, चव्वेचाळीस कोंबड्या, पाच हजार नारळ आणि वर केळी, लिंबं, संत्री. पॅरिसमध्ये याचे चांगले घसघशीत पैसे झाले असते, तिथे गिऱ्हाईकच नाही, मग शेवटी फळं डुकरांना आणि कोंबड्यांना घालायची वेळ आली. माझ्याकडे जे आहे ते तुला हवं आणि तुझ्याकडे जे आहे ते मला हवं, तेही आत्ता, इथे आणि इतकंच, हा योग जुळून यावा लागतो, आणि तो फार कमी वेळा जुळतो.

हे वाचलेलं सगळं ठीक, पण आपण करून बघू म्हणून आमच्या ग्रुपने एक वीकेंड पैशाशिवाय काढायचा ठरवला. नियम एवढेच की घरात जे आहे ते आणायचं, खरेदी बंद, फोन पेमेंट बंद, आणि उगाच दानधर्म नाही, व्यवहार करायचा. एकाने पाच लिटरचा तेलाचा कॅन आणला, सील न फोडलेला, एकदम रुबाबात ठेवला समोर. त्याला वाटलं आता सगळे आपल्या मागे. सगळ्यांना तेल हवंच होतं पण वाटीभर, आणि पाच लिटर एकदम घेण्याइतकं कुणाकडेच काही नव्हतं. बरं फोडून द्यायचं तर ओतायचं कशात? भाव चढला कुणाचा तर आमच्यातल्या एका ताईचा, जिने येताना झाकणवाल्या रिकाम्या छोट्या बाटल्यांची पिशवी आणली होती, कचऱ्यात जाणार होत्या म्हणे. दुपारपर्यंत तिच्याकडे तेल, साबण, मेणबत्त्या सगळं जमा आणि कॅनवाला तिच्याशी घासाघीस करतोय, 'ताई, दोन बाटल्या तरी द्या हो.' ताई काय ऐकतेय.

संध्याकाळी एकाचा टॉर्च बंद पडला. दुसऱ्याने तो उघडला, आतल्या स्प्रिंगवर फुटलेल्या बॅटरीचा पांढरा-हिरवट थर जमलेला, तो त्याने चाकूच्या टोकाने खरवडला, मग पेन्सिलीमागच्या खोडरबराने घासत बसला, पत्रा चमकेपर्यंत, बॅटऱ्या बदलल्या आणि लागला टॉर्च. टॉर्चवाल्याने विचारलं काय देऊ, तर हा म्हणाला, 'राहू दे रे, आत्ता काही नकोय, बघू नंतर.' बस, तिथे आमचं बार्टर संपलं. कारण त्यानंतर सगळेच 'बघू नंतर' म्हणायला लागले आणि ताईने वही काढली. कोण कुणाचं काय देणं लागतो, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी वस्तूला वस्तू असा सौदा अगदी क्वचित झाला, बाकी सगळं वहीत.

आणि हे आमचंच काहीतरी विशेष आहे असंही नाही. आयर्लंडमध्ये १९७० साली बँका संपामुळे मे पासून नोव्हेंबरपर्यंत, सहा महिन्यांहून जास्त, बंद होत्या. अख्ख्या देशाचे बँकव्यवहार ठप्प. तरी लोक उपाशी मेले नाहीत की कोंबड्या घेऊन बाजारात गेले नाहीत. त्यांनी चेक लिहिले. ते चेक वटणार कधी हे कुणालाच माहीत नव्हतं पण ते हातोहात फिरत राहिले, आणि हमी कुणाची तर पबवाल्याची आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराची, कारण कोण किती पाण्यात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं. ओळख आणि उधारी, या दोनच गोष्टींवर एक आधुनिक देश सहा महिने चालला. माझ्या लेखी तळघरात भरलेल्या खोक्यांपेक्षा हे उदाहरण जास्त कामाचं आहे.

अर्थात उधारीलाही तिची हद्द असते, आणि ती कुठे येते हे अर्जेंटिनात दिसतं. तिथे १९९५ मध्ये ब्यूनस आयर्सजवळच्या बर्नाल गावात काही जणांनी अदलाबदलीचा क्लब सुरू केला, स्वतः केलेले पदार्थ, कपडे, केस कापून देणं, शिकवणी, असं काहीही आणा आणि क्लबच्या क्रेडिटमध्ये घ्या-द्या. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून पैसे काढण्यावर आठवड्याला २५० पेसोंची मर्यादा घातली आणि लोकांचे पैसे अडकले, मग या क्लबांकडे लाखो माणसं वळली. काही महिने त्यांच्यावर खरंच घरं चालली. मग दोन गोष्टींनी घात केला. एक म्हणजे क्रेडिटच्या नोटा भरमसाट छापल्या गेल्या, वर खोट्याही आल्या, आणि आता समोरचा कोण हे कुणाला माहीत नव्हतं कारण गर्दीच इतकी. दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही पण मला ती जास्त पटते. केक आणि पेस्ट्र्या करून आणणारे खूप होते, पण त्याला लागणारं पीठ, तेल, साखर क्लबात कुठून येणार? ते बाहेर पेसो मोजून आणावं लागायचं, आणि पेसो तर नव्हतेच. हळूहळू क्लबात जुने कपडे आणि शोभेच्या वस्तूच जास्त दिसायला लागल्या, कच्चा माल गायब, आणि २००२ संपता संपता बहुतेक क्लब बसले.

म्हणून माझी तयारी आता या क्रमाने आहे, आणि यात बंदूकबिंदूक काही नाही, त्यासाठी दुसरीकडे जा.

पाणी पहिलं. माणशी दिवसाला साधारण चार लिटर हा हिशोब बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, पिणं, थोडा स्वयंपाक आणि जेमतेम हात-तोंड धुणं, यात अंघोळ येत नाही. साठवलेलं संपलं की शुद्ध करायची सोय हवी. उकळायचं तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट ५ ते ९ टक्के असं असलेलं, लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून घ्यायचं. सुगंधी किंवा रंगीत कपडेवालं ब्लीच अजिबात नको. आता गंमत बघा, एका मिलीलिटरमध्ये साधारण वीस थेंब, म्हणजे शंभर मिलीच्या बाटलीत हजार लिटर पाणी. याच्याइतकी वाटायला सोपी, स्वस्त आणि सगळ्यांना लागणारी दुसरी वस्तू मला तरी सुचत नाही, ड्रॉपरची एक बाटली शेजाऱ्याला दिली तरी आपल्याला काही कमी पडत नाही. फक्त ते वर्षभरात कमजोर होतं, त्यामुळे बाटलीवर तारीख लिहायची आणि जुनं झालं की फरशी पुसायला काढायचं. आणि काहीच नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ दिसणारं पाणी भरून कडक उन्हात सहा तास, आभाळ असेल तर दोन दिवस.

मग औषधं. रोजच्या गोळ्या ज्यांना लागतात त्यांनी डॉक्टरांशी बोलून थोडा जास्तीचा साठा ठेवावा आणि तो फिरवत राहावा, जुनं आधी वापरायचं. हे बार्टरमध्ये मिळेल या भरवशावर कुणी राहू नये, कारण मिळालंच तर ते खरं आहे का, गरमीत किती दिवस पडलं होतं, काही कळायला मार्ग नाही. जुलाबांसाठी मीठ-साखरेचं पाणी पाठ असू द्या, एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर उलटं नुकसान होतं, त्यामुळे अंदाजपंचे नको.

तिसरं म्हणजे रोख, आणि सुट्टी. हे ऐकून तळघरवाले हसतील. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी वीज गेली तेव्हा कार्डं चालेनात, एटीएम बंद, ट्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि ज्याच्या खिशात नोटा होत्या त्याने पाणी, मेणबत्त्या आणि बॅटरीवरचे रेडिओ घेतले. त्या दिवशी बार्टर झालं नाही, रोख चालली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक वीज परतही आली. आपल्या वाट्याला येणारी बहुतेक संकटं याच मापाची असतात, काही तासांची, काही दिवसांची. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये लोकांना सांगितलं ते ७२ तासांची सोय ठेवा, स्वीडन आठवडाभराची म्हणतं, जर्मनी दहा दिवसांची. कुणीही दहा वर्षांची म्हणत नाही.

अदलाबदलीसाठी म्हणून वेगळं असं मी जवळजवळ काही ठेवत नाही. जे घरात वापरतो तेच थोडं जास्त, आणि छोट्या पॅकमध्ये, साबणाच्या वड्या, काडेपेट्या, मीठ, सुई-दोरा, सॅनिटरी पॅड, चिकटपट्टी, बॅटऱ्या. आणि त्या ताईकडून शिकलेलं म्हणजे झाकणवाल्या रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत. दारू-सिगारेट चलन म्हणून चालते हे वर सांगितलंच, पण ती आपल्या दारात असणं म्हणजे कोण दार वाजवणार याचाही विचार करावा लागतो. घरात काय किती आहे हे गावभर सांगू नये ही साधी अक्कल आहे, आणि सौदा करायचा तर घरात न बोलावता चारचौघांत, दिवसाउजेडी, दोघंतिघं मिळून करावा. गर्दीच्या ठिकाणाचाही धोका असतो म्हणा, सारायेवोत ५ फेब्रुवारी १९९४ ला मार्काले बाजारात एक तोफगोळा पडला आणि ६८ माणसं गेली, भर बाजाराच्या वेळी. ज्या संकटात वरून गोळे पडतात तिथे हे सगळे नियम बदलतात, त्याबद्दल मी शहाणपणा शिकवणार नाही.

वस्तू संपतात, हाताचं काम संपत नाही, त्यामुळे उरलेला वेळ मी तिथे घालवतो. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, सरकारी पथकं पोचेपर्यंत. तिथे कुणी भाव विचारला नसणार. आपल्या आजूबाजूला कोण नर्स आहे, कोणाला वायरिंग येतं, कोणाला पंप खोलता येतो, शिवणयंत्र कुणाकडे आहे आणि ते पायाने चालतं का, कुठल्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, ही यादी माझ्याकडे कागदावर आहे, फोनमध्ये नाही. मला स्वतःला यातलं काही धड येत नव्हतं म्हणून प्रथमोपचाराचा कोर्स केला आणि सध्या सायकलचं पंक्चर काढायला शिकतोय. पेट्रोल नसलं की सायकल बाहेर निघणार आणि ती पंक्चर होणारच, आणि पॅच, सोल्युशनची ट्यूब, खरखरीत कागद एवढ्यात कितीतरी चाकं परत रस्त्यावर येतात. ट्यूब एकदा उघडली की सुकते एवढं मात्र बघावं लागतं, म्हणून मी मोठी घेतली नाही, छोट्या चार घेतल्या.